मंत्रिमहोदय, मला ताबा नको, रविवारचे दोन तास हवेत

माननीय विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

मी लालबागची एक आजी, वय ६८. तीन वर्षांपूर्वी मुलगा गेला. सून नातीला घेऊन बोरिवलीला माहेरी राहायला गेली. आधी रोज फोन व्हायचा. मग नात दरवेळी 'झोपलेली' असायची, आणि पुढे फोन उचलणंच थांबलं. सुनेला मी दोष देत नाही. मुलाचे दिवसकार्य आटोपल्यावर पीएफच्या पैशांवरून आमच्या घरात जे बोलणं झालं ते व्हायला नको होतं, आणि त्यात माझीही जीभ सुटली होती. हे आधीच सांगितलेलं बरं.

वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "आजी, नुसत्या भेटीसाठी सरळ कलम नाही. आपण पालकत्वाचा अर्ज करू, ताबा मागू. ताबा मिळणार नाही, पण भेट तरी पदरात पडेल."

म्हणजे सात वर्षांच्या मुलीला आईपासून तोडून माझ्याकडे द्या, असं मी कोर्टाला लिहून द्यायचं. जाबदार, म्हणजे विरुद्ध बाजू, म्हणून सुनेचं नाव घालायचं. नोटीस बोरिवलीला पोचली की उरलासुरला धागाही तुटला. बाप गेल्यावर आई हीच नैसर्गिक पालक, हे हिंदू अज्ञान (म्हणजे अठराच्या आतली मुलं) व पालकत्व कायदा १९५६ सालापासून सांगतो आणि ते योग्यच आहे. माझं त्यावर भांडणच नाही! मला फक्त तिचे केस विंचरायचे आहेत.

माझा भाचा वकिली शिकतो, त्याच्याकडून थोडं समजून घेतलं. पालक व पाल्य कायदा १८९० सालचा, राणीच्या राज्यातला. त्याच्या आठव्या कलमाखाली कुणीही नातेवाईक अर्ज करू शकतो, पण तो पालक नेमण्यासाठी. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात मात्र ताब्याच्या जोडीला मुलाच्या भेटीचा विषयही न्यायालयाकडे सोपवलेला आहे. म्हणजे वांद्र्याच्या कोर्टाचं दार आहे. त्या दारातून आजी-आजोबांनी कोणत्या नात्यानं आत यायचं, तेवढं कुठे लिहिलेलं नाही. काही न्यायाधीश भेट देतात. सगळं त्यांच्या विवेकावर.

सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या अहमदाबादच्या मुलाचा ताबा मावशीऐवजी वडिलांच्या आईवडिलांना दिला. वय झालं, कमाई कमी, एवढ्यावरून त्यांना बाजूला सारता येत नाही, असंही बजावलं. वाचून बरं वाटलं. पण तिथे मूल पोरकं होतं. माझ्या नातीला आई आहे आणि ती चांगली आई आहे.

आता गंमत बघा. ज्येष्ठांच्या २००७ च्या निर्वाह कायद्यात 'अपत्य' या शब्दात सज्ञान नातवंडंही येतात. आणखी ११ वर्षांनी नात १८ पूर्ण करेल, तेव्हा मी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात जाऊन तिच्याकडे पोटापाण्याचा आणि औषधांचा खर्च मागू शकेन. जिला तोवर ओळखतच नसेन, तिच्याकडे! तिच्या पगारावर माझा हक्क सांगता येतो, तिच्या रविवारवर नाही. दुधावरची साय म्हणतात नातवंडांना. आमचं तर दूधच गेलं, आणि सायीची आठवण कायद्याला फक्त खर्चाच्या वेळी होते.

कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या केंद्राच्या विधी आयोगानं २०१५ च्या २५७व्या अहवालात ताबा आणि भेटींचा विचार करताना आजी-आजोबांसोबतच्या वेळेचाही विचार केला होता. फ्रान्सच्या नागरी संहितेत तर आजी-आजोबांशी नातं ठेवणं हा मुलाचा हक्क म्हणून लिहिलाय. हक्क मुलाचा, म्हाताऱ्यांचा नव्हे, आणि आड येऊ शकतं ते फक्त मुलाचंच हित. मला तेच पटतं. उद्या कुणी दारुडा आजोबा कागद नाचवत सुनेच्या दारात उभा राहायला नको. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यानं 'कुणीही, कधीही' भेट मागू शकेल असा सैल कायदा केला होता. तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयात २००० साली टिकला नाही, कारण चांगल्या आईवडिलांच्या निर्णयाला त्यात किंमतच नव्हती.

हे दिल्लीचं काम आहे असं कृपा करून कळवू नका. अज्ञान मुलं हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा द्यायला महाराष्ट्र दिल्लीसाठी थांबला नव्हता. आपण १९९४ ला दुरुस्ती केली, दिल्लीला २००५ उजाडलं.

माझी मागणी छोटी आहे. ताबा न मागता नुसत्या भेटीसाठी आजी-आजोबांना, दोन्हीकडच्या, अर्ज करता यावा. त्या अर्जात आई आरोपीसारखी उभी राहू नये. पहिली गाठ समुपदेशकांसमोर पडावी, कोर्टात नंतर. आणि निकाल महिन्यांत लागावा. वांद्र्याला जायचं तर चिंचपोकळीहून दादर, तिथे पूल चढून गाडी बदला, मग स्टेशनातून रिक्षा. आमच्या ह्यांचे गुडघे अशा किती तारखा पेलतील?

पुढचं पावसाळी अधिवेशन मुंबईतच आहे. बोलावलंत तर मंत्रालयात येऊन समोर बसून सांगेन. अर्जावर अजून सही केलेली नाही. वकील दर आठवड्याला विचारतात.

आपली नम्र,
लालबागची एक आजी