वही परत देणाऱ्या दादांचे आभार

गोव्यातल्या दिवाडी बेटावर महिनाभराच्या लेखक-रेसिडेन्सीला आले होते. गेल्या आठवड्यात रायबंदरच्या फेरीबोटीत माझी वही राहिली, तीही भर पावसात. दुसऱ्या दिवशी बोटीवरच्या एका दादांनी ती हातात ठेवली. प्रत्येक भिजल्या पानात वर्तमानपत्राचा कपटा घातलेला! दादा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मनापासून आभार.

त्या वहीत बेळगावचं आमचं घर आहे. आईशी मराठी, गल्लीत कन्नड, आजीची कोकणी. देवनागरीत मध्येच कन्नड अक्षरं. ‘नक्की कुठली गं तू?’ या प्रश्नाला मी कंटाळलेय. (१९५६ पासून आमच्या गावालाही लोक तेच विचारतात म्हणा.)

सकाळी सायकलवर पों-पों करत येणाऱ्या पाववाल्या पदेरबाबांचेही आभार. ‘तुजें घर खंय?’ त्यांनी विचारलं आणि मी नेहमीसारखी अडखळले. ‘मागीर (नंतर) सांग,’ म्हणत त्यांनी एक उंडो पाव जास्तीचा दिला. नंतर रोज यायचे, पण पुन्हा कधी विचारलं नाही.

उद्या निघतेय. उत्तर द्यायचं राहिलंय, त्या उंड्याचे पैसेही.