जोडशब्दांच्या याद्या पाठ करून भागत नाही

संपादक महोदय,

पदवीसाठी अमेरिकेला जाऊ पाहणारी मुले ‘सॅट’ या प्रवेशपरीक्षेच्या तयारीला लागली की जोडशब्दांची, म्हणजे दोन वाक्ये जोडणाऱ्या इंग्रजी शब्दांची, यादी हाती पडतेच: ‘हाउएव्हर’ म्हणजे पण, ‘देअरफोर’ म्हणजे म्हणून. तेवढ्या घोकंपट्टीवर विसंबले की हातचे गुण जातात.

परीक्षेतल्या ‘रीडिंग अँड रायटिंग’ या इंग्रजीच्या विभागाचे दोन भाग, प्रत्येकी २७ प्रश्न, ३२ मिनिटे. जोडशब्दांचे प्रश्न येतात ते प्रत्येक भागाच्या शेवटाकडे, डोळे थकल्यावर. उताऱ्यातल्या गाळलेल्या जागी चार पर्यायांतून एक जोडशब्द निवडायचा असतो, त्यातून चारही पर्याय व्याकरणाने जागेवर बसतात. कानाला बरा वाटला तो शब्द निवडला की फसगत ठरलेली.

म्हणून पर्याय आधी पाहूच नयेत. उतारा छोटाच असतो. तो पूर्ण वाचून गाळलेल्या जागेच्या अलीकडच्या-पलीकडच्या वाक्यांचे नाते मनात मराठीत बोलावे. ‘बुध सूर्याला सर्वांत जवळचा ग्रह आहे. ____ सर्वांत तप्त ग्रह शुक्र आहे.’ इथे ‘तरीही’ आपसूक येते. ‘शुक्राभोवती कार्बन डायऑक्साइडचे दाट आवरण आहे. ____ तिथली उष्णता सहजी बाहेर पडत नाही.’ इथे ‘त्यामुळे’. नाते ठरले की मगच पर्यायांकडे वळावे. एकाच प्रश्नात ‘देअरफोर’ आणि ‘कॉन्सिक्वेंटली’ दोन्ही दिसले, तर बहुधा दोन्ही बाद; सारख्याच अर्थाची दोन उत्तरे बरोबर कशी असतील?

खरी मेख मात्र पाठ केलेल्या मराठी अर्थातच आहे. ‘इन फॅक्ट’ म्हणजे ‘खरे तर’ असे मुले शिकतात, आणि मराठीत ‘खरे तर’ म्हटले की पुढे बहुतेकदा उलटे काही येते. या परीक्षेत तो शब्द सहसा आधीचेच विधान आणखी ठासून सांगतो. त्याला आपल्याकडे ‘किंबहुना’ हा नेमका शब्द आहे, तो मुलांना द्यावा. ‘इन्स्टेड’चेही तसेच. त्याला नुसते ‘पण’ पुरत नाही. आधीच्या वाक्यात काहीतरी नाकारलेले किंवा टाळलेले असावे लागते, तेव्हाच ‘त्याऐवजी’ शोभते. ‘सिमिलरली’ला, म्हणजे ‘त्याचप्रमाणे’ला, दोन वेगळ्या गोष्टी हव्यात. एकाच गोष्टीबद्दल आणखी मुद्दा मांडायचा असेल तर ‘मोअरओव्हर’, म्हणजे ‘शिवाय’.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा सोडू नये.

क्लासचालकांना विनंती, की यादीऐवजी रोज दहा उतारे पर्याय काढून द्या आणि रिकाम्या जागा मुलांना मराठी शब्दांनी भरू द्या.

– इंग्रजीचे एक शिक्षक, पुणे