भाकरी कमी केली, मग गोळीचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात दर महिन्या-दोन महिन्याला 'पोळी सोडा, ज्वारी खा, शुगर पळवा' असा लेख येतोच, आणि आम्ही परभणीकर ज्वारीचं नाव निघालं की खूश. पण ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात पण ६५-७० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) असतातच की हो! फायबर जरा जास्त, पांढऱ्या भातापेक्षा बरी, मान्य. पण वरणात दोन-अडीच भाकरी चुरायच्या, वरून भात घ्यायचा आणि म्हणायचं मी तर फक्त भाकरीच खातो, ह्याला काय अर्थय. आयसीएमआर-इंडियाबचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची देशभरातली मधुमेह पाहणी) २०२५ चा अभ्यास हेच सांगतो, आपल्या जेवणातली साधारण ६२ टक्के ऊर्जा कार्बमधून येते, आणि तांदूळ काढून नुसतं गहू नाहीतर भरड धान्याचं पीठ आणलं तर शुगरचा धोका कमी झालेला दिसला नाही, थोडे कार्ब काढून डाळी, दूध-दह्याचं प्रोटीन घेतलं तर दिसला. म्हणजे एक भाकरी कमी अन् मटकीची उसळ वाटीभर जास्त, इतकं साधं.

आता दुसरी बाजू, जी कुणीच छापत नाही. आमच्या दाजींनी असंच वाचून भाकरी-भात एकदम बंद केला आणि ग्लिमेपिराइडची शुगरची गोळी मात्र रोजच्यासारखी चालू. मोंढ्यात (धान्यबाजारात) दुपारी दरदरून घाम, हात थरथर, तोंडातून शब्द फुटेना. बाजूच्या हमालाने साखर घातलेलं पाणी पाजलं म्हणून निभावलं. ही गोळी तुम्ही जेवलात का नाही ते बघत नाही, ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढूनच घेते, अन् पोटात काही नसलं की शुगर एकदम खाली जाते. इन्सुलिन टोचणाऱ्यांचं पण तेच. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर असं सहसा होत नाही. आणि ज्या नव्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर काढतात (नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असतं) त्या चालू ठेवून कार्ब अगदीच तोडले तर रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढून माणूस आयसीयूत जाऊ शकतो, तेही शुगर फार वाढलेली नसताना.

डॉक्टर लोकांवर पण थोडा राग आहे माझा. रिपोर्ट बघतात, गोळी वाढवतात, ताटात काय होतं विचारत नाहीत, ओपीडीत गर्दी असते हे दिसतं, पण दोन वेळेला भाकरी किती एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो?

तर विनंती एवढीच, पुढचा डाएटचा लेख छापताना 'खाणं बदलायच्या आधी गोळी-इन्सुलिनचा डोस डॉक्टरकडून ठरवून घ्या' आणि 'शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासा' ह्या दोन ओळी चौकटीत टाका, जाड अक्षरात.

आपला,
एक वाचक, परभणी