वाईचं शेत

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

साताऱ्याला पोचलास हे मावशीच्या फोनवरून कळलं. माझा फोन घेत नाहीस म्हणून लिहितेय. रागवायचं नाही असं ठरवून बसलेय.

काल तू गेल्यावर बाबा गॅलरीत फोनवर वाईच्या शेताबद्दल कुणाशी तरी बोलत होते. मी दिसले तसा त्यांनी फोन ठेवला.

कराडची इंजिनिअरिंगची सीट गुरुवारपर्यंत पक्की करायची आहे. तुला पुण्यातच कॉम्प्युटर हवंय, मॅनेजमेंट कोट्यातून. वाटणारच, मित्र सगळे इथेच. पण तिथल्या कॉलेजच्या ऑफिसातल्या माणसाने एक आकडा कागदावर लिहिला आणि दुसरा नुसता तोंडी सांगितला, तेव्हा तूही खाली बघत होतास. बँक कर्ज देईल ते कागदावरच्या आकड्यावर. दुसऱ्याची पावतीच नाही. तो शेतातूनच यायचा ना?

सगळेच घेतात, म्हणालास. अरे, डोनेशनवर आपल्याकडे १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. कॉलेज नफ्यासाठी चालवायचंच नसतं. सुप्रीम कोर्टाने २००२ साली सांगितलं, वाढीपुरती शिल्लक ठेवा, नफेखोरी नको. मग तो तोंडी आकडा कशाचा? अमेरिकेत निदान कॉलेजं चालवणाऱ्या उघड कंपन्या असतात, हेही तूच म्हणालास. आयटीटी टेक तशीच होती. २०१६ साली तिची सगळी कॉलेजं एकदम बंद झाली आणि मुलं कर्जासकट रस्त्यावर आली. बघ, सुरू झालं माझं. भाषण द्यायचं नव्हतं रे, माफ कर.

बाबांनी तुला हे कधी सांगितलं नाही. वसंतदादांनी १९८३ साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी बाबा बारावी झाले. मार्क थोडक्यात कमी पडले. अप्पा तेव्हा हेच शेत विकायला निघाले होते. बाबाच नको म्हणाले, डिप्लोमाला गेले. पुढे त्याच शेतातल्या हळदीचे पैसे आले, त्यातून अप्पांनी त्यांना ड्रॉइंगसाठी ड्राफ्टर घेऊन दिला. अजून माळ्यावर आहे तो. लहानपणी तू त्याची क्रेन करायचास.

कराडची सीट तुला तुझ्या मार्कांवर मिळालीय. तुला आवडत नाही तरी मी सोसायटीत चौघींना सांगून आले. १९६० पासूनचं सरकारी कॉलेज आहे, फी आपल्या आवाक्यातली.

बाबा पुढच्या मार्चला रिटायर होतात. तू पुण्याचं ठरवलंस तरी ते एक शब्द न बोलता सही करतील. तीच भीती वाटते मला. शेताचं त्यांच्यापाशी बोलू नकोस. नाही, बोलच.

साताऱ्याहून कराड तासाभराचं. उद्या मावशीबरोबर जाऊन नुसतं बघून ये. येताना तिच्याकडून भाजणी घे, आणि रात्री बाबांना फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

तुझी,
आई