‘बघतो, होऊन जाईल’

रत्नागिरी, आषाढ

चि. मनू हिस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसता ‘हं, हं’ करत राहिलो. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, ‘पोरगी एवढं पोटतिडकीनं सांगत होती आणि तुम्ही पुण्यात पाऊस किती झाला ते काय विचारत बसलात?’ मला फोनवर सुचत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलोय. झालं की पानांचे फोटो पाठवतो.

मला समजलं ते असं. तुमच्या मीटिंगला आता एआयचं एक यंत्र हजर असतं. माणसं उठायच्या आत त्याची मिनिट्स, म्हणजे कोण काय बोललं त्याचा गोषवारा, तयार. जिरा नावाच्या तुमच्या कामनोंदीच्या सॉफ्टवेअरमधली तिकिटं, म्हणजे एकेका कामाच्या नोंदी, वाचून शुक्रवारचा स्टेटस रिपोर्ट तेच लिहितं, रिस्क रजिस्टर, म्हणजे संभाव्य अडचणींची यादी, भरतं, क्लायंटला जाणारा मेल तुझ्यापेक्षा गोड इंग्रजीत लिहितं. आणि तीन प्रोजेक्टांना तीन मॅनेजर कशाला, एक पुरे नाही का, अशी विचारणा वरून सुरू झाली आहे. ‘बाबा, बारा वर्षं घासून जे शिकले ते आता कोणालाही बटण दाबून मिळतं,’ असं म्हणालीस आणि मग एकदम हसलीस. ते हसणं मला आवडलं नाही.

‘काही होत नाही गं’ असं मी म्हणणार नाही. हे मी एकदा होताना पाहिलेलं आहे. माझ्या पहिल्या नोकरीत कचेरीत दोन अनुरेखक होते, ज्यांना आम्ही ट्रेसर म्हणायचो. आरेखकानं पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचा, हे त्यांचं काम. पण काय हात होता! एकाची अक्षरं छापल्यासारखी यायची. साहेब लोक घरच्या लग्नपत्रिकेवरचे पत्ते त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. मग संगणकावर नकाशे काढायचं ऑटोकॅड आलं. त्या दोघांना कोणी काढलं नाही की अपमान केला नाही. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नाही, बस. सुंदर अक्षराला भाव होता, तो गेला. तुझ्या सुबक मिनिट्सचा आणि रंगीत रिपोर्टचा भाव तसाच गेला आहे, मनू. तो परत येईल म्हणून वाट बघू नकोस.

तू पाठवलेला तो जुना अंदाज वाचला. प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधली आजची ८० टक्के कामं २०३० पर्यंत एआयमुळे संपतील, असं गार्टनर या संशोधन-सल्ला कंपनीनं २०१९ च्या मार्चमध्येच म्हटलं होतं. चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे हा अंदाज त्याच्याही खूप आधीचा. पण ती कामं कोणती, ते बघ: माहिती गोळा करणं, प्रगतीची नोंद ठेवणं, अहवाल देणं. आकडा मला खोटा वाटत नाही. तासांनी मोजलं तर माझाही जन्म मस्टर, मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मोजमापांची वही) आणि बिलं यांतच गेला. त्याचा पगार घेतला. पण मला ठेवलं होतं ते त्यासाठी नव्हे, हे फार उशिरा आणि फार वाईट रीतीनं कळलं. ती गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही.

कोकण रेल्वेचं काम जोरात होतं तेव्हाची. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. कोकण रेल्वेचे प्रमुख श्रीधरन साहेब, त्यांनी कचेऱ्यांतून उलटी घड्याळं लावलेली, किती दिवस उरले ते सांगणारी. मी एका ठेकेदाराकडे साइटवर होतो आणि आमच्या वाट्याला डोंगरातलं एक कटिंग, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापून करायची वाट, होतं. मे अखेरच्या रिपोर्टात मी लिहिलं, ‘८५ टक्के पूर्ण.’ घनमीटर मोजून लिहिलं होतं, त्यात एक आकडा खोटा नव्हता. पण उरलेले १५ टक्के म्हणजे वरची बाजू: वर जांभा, त्याखाली चिकण माती. आमचे मुकादम चहाच्या वेळी म्हणाले होते, ‘साहेब, वरच्या अंगाला पाणी झिरपतंय. मे महिन्यात कुठनं आलं?’ मी ‘बघतो’ म्हणालो. रिपोर्टात पाण्याला रकाना नव्हता. आणि खरं सांगायचं तर रकाना असता तरी मी भरला नसता. बैठकीत वाईट बातमी आणणाऱ्याकडे सगळे कसे बघतात ते मी दोनदा अनुभवलं होतं.

जुलैत एका रात्री ती बाजू खाली आली. पाळी बदलायची वेळ होती म्हणून खाली माणूस नव्हता, नुसतं एक पोकलेन गाडलं गेलं. सकाळी मुकादम मला एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर चहाच्या वेळीही काही सांगायचे बंद झाले. ते मशीन आम्ही पंधरा दिवसांत उकरून काढलं. त्यांना पुन्हा बोलतं करायला मला वर्ष लागलं.

माझा तो रिपोर्ट अगदी नीटनेटका होता. तुमचं यंत्र आज लिहील तस्सा.

आता तुझा किस्सा. गेल्या गणपतीत तू हसत हसत सांगितला होतास. तुझ्या टीममधला तो सांगलीचा मुलगा मीटिंगमध्ये म्हणाला, ‘बघतो, होऊन जाईल बहुतेक शुक्रवारपर्यंत,’ आणि यंत्रानं इंग्रजीत टिपून ठेवलं की शुक्रवारी काम द्यायचं त्यानं कबूल केलं आहे. तेव्हा आपण सगळे हसलो. आता वाटतं, तुझ्या पगारातला खरा हिस्सा त्या एका वाक्यात होता. आपल्याकडे ‘करतो’, ‘होईल’, ‘होऊन जाईल’ आणि ‘बघतो’ या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘बघतो’ म्हणजे तर बहुतेक वेळा ‘नाही’च. (मुकादमांनाही ते कळलं होतं.) ते यंत्र आलेल्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता शोभेल या हिशेबानं वाक्य रचत जातं. ‘बहुतेक’ म्हणण्याआधी मुलगा किती वेळ गप्प होता, ते त्याच्या हिशेबात नसतं. आणि जिथं माहितीच नाही तिथं जागा मोकळी सोडायची त्याला सवय नाही. काहीतरी बरं दिसेलसं भरून टाकतं.

तू त्या दिवशी काय केलंस? मुलाला घेऊन कँटीनला गेलीस. तिथं कळलं की दुसऱ्या एका टीमकडून यायचा भाग दोन आठवडे अडकला आहे आणि ते सगळ्यांसमोर सांगायची त्याची छाती होत नव्हती. हे कुठल्या तिकिटात होतं? मग तू त्या टीमच्या मॅनेजरशी भांडलीस आणि क्लायंटला फोन करून तारीख आपणहून पुढे मागितलीस. क्लायंट तुला चार शब्द बोलला, तेही ऐकून घेतलंस. यातलं काहीच तुझ्या रिपोर्टात गेलं नसणार.

आमच्या मार्गावर करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, कातळातला. त्याला स्वीडनहून यंत्रं आणली आणि तो झाला. गोव्यात पेडण्याचा बोगदा त्याच्या पाव लांबीचाही नाही. तिथं कातळ नव्हता. पाण्यानं भरलेली मऊ माती. खणलं की ढासळायचं, पुन्हा खणलं की पुन्हा ढासळायचं. अशा मातीला जगात कुठं यंत्र मिळेना, शेवटी माणसांनी हातानं, इंच इंच आधार देत ते केलं. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला झाला, त्याआधी सगळे थांबले होते ते या एका तुकड्यासाठी. तुमच्यात माणसं सांभाळण्याला ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतात आणि जरा खालचं समजतात. सॉफ्ट म्हणजे काय ते पेडण्याला विचारावं.

मी यंत्राला नावं ठेवतोय असं समजू नकोस. तुझ्या फोननंतर मी ते वापरून पाहिलं. आपल्या पडवीची कौलं उतरवून वासे बदलायचे आहेत, त्याचा कार्यक्रम करून दे म्हटलं. मिनिटभरात झकास तक्ता दिला, आणि कौलं उतरवायचं काम बरोब्बर जुलैत धरलं! मी गाव सांगितलं नव्हतं, चूक माझीच. ‘अरे, कोकणात जुलैत छप्पर उघडतात का?’ असं लिहिल्यावर लगेच माफी मागून दुसरा तक्ता दिला. तो चांगला होता. नव्या वाशांना आधीच वाळवीचं औषध मारून ठेवा, हे मी विसरलो होतो, ते त्यात होतं. आमच्या वेळी असं काही असतं तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या. तेव्हा ते नीट शिकून घे. पण त्यासाठी तू म्हणतेस तो साठ हजारांचा सर्टिफिकेट कोर्स कशाला, ते मला समजलं नाही. चार रविवार बस, येईल.

फक्त त्या तक्त्यात एक गोष्ट नव्हती. कौलं घालणारा आपल्याकडे आता एकच माणूस उरलाय आणि त्यानं तीन वाड्यांना शब्द दिलाय. त्याच्या घरी जाऊन बसल्याशिवाय तो येत नाही. दोनदा जाऊन आलो.

चुकलं तर मान कोणाची, हाही प्रश्न आहेच. कॅनडातला २०२४ चा एक निकाल मला तुझ्या दादानं पाठवला. घरातलं माणूस गेल्यावर मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटाबद्दल एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला चुकीचं सांगितलं. कंपनी न्यायाधिकरणापुढे म्हणाली की तो चॅटबॉट काय बोलतो त्याला तो स्वतंत्रपणे जबाबदार. न्यायाधिकरणानं ते मानलं नाही, कंपनीला भरपाई द्यायला लावली. रक्कम आठशे डॉलरच्या आसपास, म्हणजे किरकोळ. पण तू आता यंत्रानं लिहिलेल्या रिपोर्टाखाली नाव घालतेस ना, तेव्हा हे लक्षात असू दे. मेजरमेंट बुकावर सही करताना आमचा हात थांबायचा, कारण उद्या ऑडिटला आपल्यालाच उभं राहायचं असे. बटण दाबताना हात तसा थांबत नाही.

एका गोष्टीचं उत्तर मात्र मला सापडलेलं नाही. तू नवी होतीस तेव्हा तुला दोन वर्षं नुसती मिनिट्स लिहायला बसवली होती आणि तू रडकुंडीला आली होतीस. पण कोण काय बोलतो आणि कोण काय गिळतो हे तू तिथंच शिकलीस. आता तुझ्या हाताखाली येणाऱ्या पोरांना ते काम उरलंच नाही, तर ती कुठं शिकणार? निदान यंत्राचा कागद उघडायच्या आत त्यांना स्वतःच्या पाच ओळी लिहायला लाव. ‘आज कोण काय बोललं नाही’ एवढंच लिहा म्हणावं. तुझ्या कंपनीत कोणी हसेल, हसू दे.

आणि तीन प्रोजेक्टांचं. ते दिले तर घ्यावेच लागतील, नाही म्हणायची सोय नाही, फ्लॅटचे हप्ते मला माहीत आहेत. पण वाचलेले तास आणखी दोन प्रोजेक्टांच्या रिपोर्टांत गेले तर कँटीनला जायला वेळ कुठून येणार, हे वरच्यांना एकदा स्पष्ट विचार. पटेलच असं नाही. न कोसळलेल्या कटिंगचं बिल कधी निघत नाही, हे आमच्या धंद्यातलं जुनं रडगाणं आहे आणि तुमच्यातही ते तसंच असणार. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते बाजूला टाकून ठेव. कमी पडलं तर माझ्याकडे आहेत, नवऱ्याला सांगायला संकोचू नकोस.

गणपतीचं तिकीट काढलंस की कळव. पावसाळी वेळापत्रक लागलंय, गाड्या सावकाश येतात. रात्री पोहोचणारी घेऊ नकोस. आईनं आमसुलं वाळवून ठेवली आहेत. आणि त्या सांगलीच्या मुलाला एकदा घेऊन ये इकडे, पेडण्यापर्यंत जाऊन येऊ.

तुझा,
बाबा