बिशप अझरिया अभ्यासिकेसाठी मदतीचे आवाहन

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

आपली दहावी-बारावीची मुले सध्या चर्चच्या ओट्यावर एका ट्यूबलाइटखाली अभ्यास करतात. पाऊस आला की वह्या पोटाशी धरून भिंतीला चिकटून बसतात. मागची पडकी कौलारू खोली दुरुस्त करून तिथे वस्तीतल्या सर्व समाजांच्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू करायचे पंच कमिटीने ठरवले आहे. तिला बिशप व्ही. एस. अझरिया यांचे नाव द्यायचे आहे.

हे नाव का, असे तरुणांनी विचारले. अझरिया तिरुनेलवेलीकडचे, खेड्यातल्या पाळकाचे चिरंजीव. १९०३ साली सोबत्यांसह त्यांनी इंडियन मिशनरी सोसायटी काढली, ती पैसा आपला, माणसे आपली, कारभार आपला या बोलीवर. १९०९ मध्ये ते स्वतः निजामाच्या राज्यात दोर्नकलला जाऊन राहिले. घरची भाषा तमिळ, तिथली तेलुगू, ती शिकले. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. अँग्लिकन मंडळीचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या चर्चचे, ते पहिले भारतीय बिशप.

त्यांच्या डायोसिसमध्ये, म्हणजे बिशप म्हणून त्यांच्याकडे असलेल्या प्रांतात, बहुतेक माणसे माला आणि मादिगा समाजाची, गावकुसाबाहेर ठेवलेली. बाप्तिस्मा झालेल्यांना ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायला लावत, “मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी केवढी दुर्दशा होणार!” ज्याला आयुष्यभर खाली बघायला शिकवले, त्याच्या तोंडी हे शब्द आले तेव्हा त्याला काय वाटले असेल, याचा विचार आमच्या मनातून जात नाही. त्या गरीब घरांतल्या बायका स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढत.

वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्यांनी एक व्हावे म्हणून ते १९१९ पासून झटले. १ जानेवारी १९४५ रोजी ते वारले आणि १९४७ मध्ये दक्षिण भारताची मंडळी एक झाली. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळीही एक झाली, आणि आपल्या नगर जिल्ह्यातले एस.पी.जी.वाले (इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचे) व अमेरिकन मिशनवाले एका मेजाभोवती आले. आपण त्यांचे असे देणेकरी आहोत.

म्हणूनच बाहेरच्या देणगीदारांकडे जाण्याआधी तुमच्याकडे आलो आहोत. छताला पत्रे, फरशी, वायरिंग, टेबले, बाके आणि पुस्तकांची दोन कपाटे एवढी गरज आहे. भगिनी मंडळाने मूठभर ज्वारी काढायला सुरुवात केलीच आहे. त्या ज्वारीचा डबा महिन्याच्या पहिल्या रविवारी आणावा. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेल्यांनी एखाद्या बाकाचा खर्च उचलावा. गवंडी, सुतार, वायरमन असाल तर एक दिवसाचे काम द्या, ते आम्हाला रोख रकमेइतकेच मोलाचे आहे. जुनी पाठ्यपुस्तके चालतील, पण फाटलेली नकोत.

१७ ऑगस्ट हा अझरियांचा जन्मदिवस. त्या दिवशी मुलांना आत बसवायचे आहे, त्यामुळे कौले उतरवण्याचे काम पावसाआधी उरकावे लागेल.

देणगी रविवारी उपासनेनंतर खजिनदारांकडे द्यावी. जमाखर्च दर महिन्याला चर्चच्या फलकावर लागेल. पावतीशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नयेत.

आपले नम्र,
पंच कमिटी, भगिनी मंडळ व तरुण संघ