चि. ओंकारास, रिटर्न भरल्यावर

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं रिटर्न काल रात्री भरलं. आयटीआर-३ हा फॉर्म लागला, कारण एफ अँड ओचं, म्हणजे वायदे आणि ऑप्शनच्या सौद्यांचं, उत्पन्न धंद्याचं धरतात, भांडवली नफ्यात ते बसत नाही. उलाढाल काढताना प्रत्येक सौद्याचा नफा आणि तोटा दोन्ही अधिकच धरून बेरीज करायची असते, म्हणून वर्षभराचे सगळे सौदे ओळीने वाचले. निव्वळ ४ लाख १२ हजार. गणपतीत आबा ‘जुगाराचा पैसा’ म्हणाले आणि तू ताटावरून उठलास, तेव्हा मी बोलायला हवं होतं. ते आता लिहिते. मामाच्या पम्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलं आहे.

आबांचं म्हणणं मला पटत नाही. घाम गाळला नाही म्हणून नफा पापाचा, असं नसतं. बाजारात घेतलेल्या शेअरचे पैसे कंपनीला जात नाहीत, आधीच्या मालकाला जातात, हे खरं. पण कंपनीने पहिल्यांदा शेअर काढले तेव्हा ज्याने पैसे घातले, त्याने पुढे कुणीतरी विकत घेईल या भरवशावरच घातले. तो भरवसा तुझ्यासारखे लोक पुरवतात. शिवाय कंपनी बुडाली तर कामगार, बँका, माल पुरवणारे यांची देणी आधी, भागधारकाच्या वाट्याला उरलं तर उरलं. एवढी जोखीम घेणाऱ्याने लाभांश घेतला, वर्षभराने विकून सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर भरला, तर त्यात लाज कसली?

वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच भाव ठरवून करणं, हाही मुळात वाईट नाही. आपल्या सांगलीत हळदीचा वायदा किती जुना! हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात, हळद भरून ठेवणाऱ्याला भाव पडायची भीती, मसाला कारखान्याला भाव चढायची. ती भीती कुणीतरी तिसरा पैसे घेऊन आपल्या डोक्यावर घेतो. त्याची कमाई म्हणजे भीती वाहून नेण्याची हमाली, आणि हमाली कष्टाचीच असते.

आता तुझी फेब्रुवारीतल्या एका गुरुवारची काँट्रॅक्ट नोट, ब्रोकरची सौद्यांची पावती, समोर आहे. दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी निफ्टीचा कॉल, म्हणजे निर्देशांक ठरलेल्या पातळीच्या वर गेला तर फरक मिळण्याचा हक्क, १८ रुपये प्रीमियमने विकलास, दोन लॉट, म्हणजे दोन गठ्ठे. लॉट तेव्हा ७५ चा, म्हणजे २,७०० रुपये. साडेतीनला एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपली, प्रीमियम शून्य, पैसे तुझे. ब्रोकरेज २० रुपये, सौद्यावरचा कर एसटीटी २ रुपये ७०, बाकी किरकोळ. त्या पावणेदोन तासांत तू कुणाची भीती वाहत होतास? मी खूप विचार केला. मोठा पोर्टफोलिओ सांभाळणारा एखादा असेलही समोर. पण शेवटच्या दिवशी लॉट १,३५० रुपयांत मिळतो, म्हणूनच त्या दिवशी कोण येतं हे तुला ठाऊक आहे. विकायला तुला लाखांत मार्जिन, म्हणजे अनामत, अडकवावं लागतं, घेणाऱ्याला नुसता प्रीमियम पुरतो. तासातासाला तो प्रीमियम विरघळतो हे तू मोजतोस, आणि तो मात्र दीड हजाराचे दहा हजार होतील म्हणून बसलेला असतो. दोघं राजीखुशीने सौदा करतात, असं तू म्हणालास. एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, तर ती राजीखुशी अर्धीच. पम्याची तशीच होती.

बघ, आलाच विषय.

सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, सप्टेंबर २०२४ चा अहवाल तू वाचला असशील. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. एकट्या २०२३-२४ मध्ये प्रॉप डेस्कवाले, म्हणजे स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या कंपन्या, ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार २८ हजार कोटी कमावून गेले, तेही बहुतेक अल्गोवर, म्हणजे संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांवर. ट्रेडिंग करणाऱ्या व्यक्तींपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत दाखवलेलं. मला झोप येत नाही ती या शेवटच्या आकड्यामुळे. तू ज्या सात टक्क्यांत आहेस त्याचा मला अभिमानच आहे. तुझी एक्सेलची वही मी पाहिली. प्रत्येक सौद्यापुढे कारण, स्टॉपलॉस म्हणजे तोटा कुठे थांबवायचा ते, चुकलं तर काय चुकलं. हुबेहूब भाऊंच्या खतावणीसारखं. अशी शिस्त किती जणांत असते?

पण त्याच वहीत मार्चचे अकरा दिवस लाल आहेत, तोटा १ लाख ९० हजार. घरच्या ग्रुपवर त्यातला एकही दिवस आला नाही. आला तो हिरवा स्क्रीनशॉट, आणि खाली पम्याचे तीन अंगठे. त्याने मामाने नावावर केलेले शेअर होल्डिंग म्हणून दाखवून एफ अँड ओ चालू करून घेतलं. विकत घेतलेला शेअरचा कॉल एक्स्पायरीला इन द मनी, म्हणजे फायद्याच्या बाजूला, राहिला तर डिलिव्हरीचे पूर्ण पैसे उभे करावे लागतात, हेही त्याला ठाऊक नव्हतं. मामीच्या पाटल्या त्यातच गहाण पडल्या. तू त्याला ट्रेड कर असं सांगितलं नाहीस, हे मला माहीत आहे. तरी तुलाच लिहिते आहे.

फार बोलले, रागावू नकोस. कमावणाऱ्या मुलाला आईने धंदा शिकवू नये. सहावीत तू मांजाची रिळं विकायचास ते आठवतं. शेजारच्या बंड्याला रीळ देताना ‘आत गाठ आहे’ म्हणालास आणि दोन रुपये कमी घेतलेस. भाऊ हसले होते, मग त्यांनीच तुला वरचे दोन रुपये दिले. पावसात भिजलेली ती रिळं ओट्यावर वाळत घातलेली अजून डोळ्यांपुढे येतात.

रविवारी पम्याशी बोल. उपदेश नको, तो माझ्याकडून भरपूर झालाय. मार्चचं पान उघडून दाखव. ब्रोकरच्या ॲपमध्ये एफ अँड ओचं सेगमेंट बंद करता येतं, ते त्याच्याकडूनच बंद करून घे. मामाचे शेअर विकून तो आता तोटा भरून काढायला निघालाय, त्याआधी पाटल्यांवरचं कर्ज फेडायला लाव, कारण तिथलं व्याज रोज वाढतंय. एसआयपी चालू राहू दे. आणि यंदाचं रिटर्न तोटा दाखवून मुदतीत भरायलाच हवं, तरच तो तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. कागद माझ्याकडे पाठवायला सांग, मी करते.

तुझं रिटर्न ३० दिवसांत ई-व्हेरिफाय व्हायला हवं. ओटीपी तुझ्या मोबाइलवर येईल, तेव्हा फोन उचल. पम्याला फोन केलास की तेव्हाच सांग, वेगळा फोन नको.

तुझी,
आई